जुन्या ८०० च्या जोडांतला गंज : वरून पॅच मारायचा की जोड उघडायचा?

मांद्रेकर८०० (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

गाडी १९९६ ची मारुती ८००, कार्बोरेटरवाली, वडिलांनी कोरी घेतलेली, आता माझ्याकडे आहे. इंजिन ठणठणीत, सकाळी चोक ओढला की पहिल्या सेल्फला उठते, दुखणं आहे ते सगळं पत्र्याचं. घर समुद्राजवळ, गाडी कायम माडाखाली उघड्यावर, आणि मधली बरीच वर्षं केरी-तेरेखोल फेरीने जाणंयेणं होतं, भरतीला रॅम्पवर पाणी चढलेलं असतं ते चाकांनी उडून थेट खालून फ्लोअरला बसतं.

चवथ झाल्यावर मॅट काढून गाडी आतून धुवायला घेतली तर ड्रायव्हरच्या पायाशी फ्लोअर आणि सिल (दाराखालची लांब पोकळ पेटी) जिथे जुळतात तो जोड या टोकापासून त्या टोकापर्यंत तपकिरी. वरून रंगाला केसाएवढी चीर, बाकी काही नाही. त्या चिरेत दाभण लावलं तर अर्धं आत गेलं. मग वायर ब्रशने खरवडलं तेव्हा कळलं की दोन पत्रे मधून फुगून एकमेकांपासून सुटलेत आणि मध्ये गंजाचे थर बसलेत, बोटाने ओढले तर भिजून वाळलेल्या वहीची पानं सुटावीत तसे सुटतात. मागच्या चाकाच्या कमानीच्या आतल्या कडेलाही तेच आणि डिकीत स्टेपनीच्या बाजूच्या कोपऱ्यात एक भोक, त्यातून खालची जमीन दिसते.

दोन गॅरेजात दाखवली. एक म्हणतो वरून पत्रा ठेवून वेल्डिंग मारू, खालून डांबर फासू, दोन दिवसांत गाडी न्या. दुसरा म्हणतो सिल कापून जोड उघडायला लागेल, गाडी पंधरवडाभर सोडा, आणि पैसे पहिल्याच्या चौपट. घरचे म्हणतात भंगारात घाल. मला ही गाडी विकायची नाही आणि भंगारात तर मुळीच घालायची नाही, वडिलांनी आम्हा भावंडांना ड्रायव्हिंग हिच्यावर शिकवलं. पासिंगही जवळ आलंय.

तर प्रश्न असा की वरून मारलेला पॅच टिकतो का, आणि जोड उघडायचाच तर गॅरेजवाल्याकडून नेमकं काय करून घ्यायचं. ग्राइंडर माझ्याकडे आहे, सोलणं-घासणं स्वतः करायची तयारी आहे, वेल्डिंग येत नाही. जाणकारांनी सविस्तर लिहा प्लीज.

डिचोलीकर

वरून पॅच अजिबात नको. आमच्या ओम्नीला असाच मारून घेतला होता, एक पावसाळा काढला, दुसऱ्या पावसात पॅचच्या कडेने लाल पाणी गळायला लागलं आणि काढून बघितलं तर पॅच तसाच चकचकीत आणि त्याच्या भोवतीचा मूळ पत्रा गेलेला. आमच्याकडे खाणीची लाल माती कमानीत आत जाऊन बसते, उन्हाळ्यातसुद्धा ती आतून ओलीच असते, चिमटीत घेऊन बघा. आधी प्रेशरने चाकांच्या कमानी आतून नीट धुऊन घ्या, किती गेलंय ते मग कळेल.

पत्रेवाला_फोंडा

टिंकरिंग म्हणजे गाड्यांचं पत्रेकाम हा आमचा घरचा धंदा, म्हणून जरा लांबलचक लिहितो.

मांद्रेकर, वेल्डिंगचा विचार नंतर. आधी गाडी रॅम्पवर घ्या आणि छोटी हातोडी घेऊन खालून हलक्या हाताने सगळीकडे वाजवत जा. चांगला पत्रा खणकन वाजतो, आतून खाल्लेला पत्रा बद्द वाजतो, आणि डांबर फासलेलं असेल तर आधी ते पत्रीने खरवडून काढा नाहीतर सगळंच बद्द वाजेल. बद्द वाजेल तिथे खडूने खूण. सिलचं खालचं ओठ म्हणजे जिथे जॅक लावतो ती पट्टी, मागच्या सस्पेंशनचं ब्रॅकेट बसतं तो भाग, सीटबेल्टचे बोल्ट, पुढचे स्ट्रट (पुढच्या चाकांचे शॉक अॅब्सॉर्बर) वर जिथे बसतात ते मनोरे आणि बॅटरीच्या ट्रेखालचा पत्रा, एवढ्या जागा डोळ्यात तेल घालून बघायच्या. ब्रिटनमध्ये गाड्यांची वार्षिक एमओटी तपासणी असते, त्यात सस्पेंशन, स्टिअरिंग, सीटबेल्ट यांच्या माउंटिंगपासून ३० सेंटिमीटरच्या आत पत्रा गंजून कमजोर झाला असेल तर गाडी नापास करतात. आपल्याकडे पासिंगला एवढं कोणी बघत नसलं तरी आपण आपल्यासाठी तेच माप धरावं असं माझं ठाम मत आहे.

आता जोड का सडतो ते. ८०० ला जिप्सीसारखी वेगळी चासी नसते. फ्लोअर, सिल, दाराचे खांब, छप्पर मिळूनच चासी, आणि हे सगळे पत्रे कंपनीत एकावर एक ठेवून स्पॉट वेल्डिंगने जोडलेले असतात, म्हणजे ठरावीक अंतरावर एकेक ठिपका, आणि दोन ठिपक्यांच्या मधली जागा नुसती टेकलेली. वरून सीलंटची रेघ. पंचवीस-तीस वर्षांत ते सीलंट वाळून तडकतं, मग पाणी त्या फटीत ओढलं जातं आणि तिथून ते वाळत नाही. रंग फक्त बाहेरच्या अंगाला, फटीच्या आत कोणी रंग लावलेला नसतो.

म्हणून वरून पॅच मारला तर काय होतं, तर आतला गंज जिथल्या तिथे राहतो, पॅचची कड आणि जुना पत्रा मिळून आणखी एक नवी फट तयार होते, आणि वेल्डिंगच्या उष्णतेने मागच्या बाजूचा जो काही रंग शिल्लक होता तो जळून जातो. वर डांबर फासलं की कोणाला दिसत नाही. दोन दिवसांत गाडी मिळते ती अशी.

बरोबर काम असं. दार लावून आधी फटी मोजायच्या, पुढून मागून वर खाली, खडूने दारावरच लिहून ठेवायच्या. मग दाराच्या चौकटीत पुढच्या खांबापासून मधल्या खांबापर्यंत एक लोखंडी अँगल किंवा चौकोनी पाईप आडवा टाचून घ्यायचा, कारण सिल कापली की गाडी मधून बसू शकते आणि तशीच वेल्ड केली की ते दार आयुष्यात नीट लागत नाही. गाडीचं वजन चाकांवर किंवा सस्पेंशनच्या जागी ठेवलेल्या स्टँडवर असावं, मधेच जॅक लावून अर्धी लटकती गाडी कापायची नाही. एका वेळी एकच बाजू. दोन्ही बाजू एकदम उघडणारा गॅरेजवाला दिसला तर गाडी परत आणा.

मग स्पॉटचे ठिपके शोधायचे. रंग वायर ब्रशने काढला की बारीक गोल खळगे दिसतात, त्यावर पंच मारायचा आणि ८ एमएमच्या स्पॉट ड्रिलने फक्त वरचा पत्रा कापायचा, खालचा नाही. साधं ड्रिल मारलं तर दोन्हीतून आरपार जातं आणि मग चांगल्या पत्र्याचीही चाळण होते. सगळे ठिपके सुटले की पातळ छिन्नीने जोड उकलतो. हे काम वेळखाऊ आहे, चौपट पैसे आहेत ते याचे आहेत, वेल्डिंगचे नाहीत.

उघडल्यावर सडका पत्रा कापायचा, आणि कापताना थोडा नाही, पांढरा लख्ख पत्रा लागेपर्यंत कापायचा. तिथे कंजुषी केली तर वेल्डिंग करताना कडा जळून भोकं पडत जातात आणि वेल्डर तुमच्या नावाने बोटं मोडतो.

पत्रा सीआरसीए घ्या, म्हणजे जस्त न चढवलेला थंड लाटलेला पत्रा. बाहेरच्या बॉडीला ०.८ एमएम पुरतो, फ्लोअर आणि सिलला १ ते १.२. छपराचा जीआय पत्रा कोणी स्वस्त म्हणून देईल तो घेऊ नका, त्यावरचं जस्त वेल्डिंगमध्ये जळून पांढरा धूर होतो, तो छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप भरतो आणि वेल्डही भोकाभोकाचा येतो.

उरलेलं रात्री लिहितो, गिऱ्हाईक आलंय.

म्हापशेकर

पत्रेवाले, तुमचं सगळं पटतं पण सगळ्यांना एवढं परवडत नाही हो. माझी झेन रोजच्या कामाची आहे, पंधरवडाभर गाडी सोडायची म्हणजे माझा पगार कापला जातो. फ्लोअरच्या मध्यभागी तळहाताएवढं भोक पडलं होतं, कापून तेवढाच तुकडा बसवून घेतला, व्यवस्थित चाललीय. प्रत्येक गंजाला अख्खी गाडी उघडायला सांगितलं तर लोक घाबरून काहीच करत नाहीत आणि मग गाडी खरंच भंगारात जाते.

पत्रेवाला_फोंडा

म्हापशेकर, तुम्ही केलं ते योग्यच आहे. तुम्ही कापून तुकडा बसवलात, वर पत्रा ठेवला नाहीत, फरक तिथेच आहे. फ्लोअरच्या मधल्या सपाट भागावर भार कमी असतो, तिथे कडेला कड लावून तुकडा बसवला, दोन्ही अंगांनी प्राइमर मारला तर काम पक्कं. मी अडून बसतोय ते जोडांसाठी आणि माउंटिंगसाठी. पैसे कमी असतील तर यंदा एक बाजूची सिल नीट करा, कमानी पुढच्या वर्षी करा. सगळीकडे अर्धंमुर्धं करण्यापेक्षा ते बरं.

साखळीची_रसायनवाली

मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते, वेल्डिंगमधलं मला कळत नाही, पण जोडातच एवढं का सडतं याचा विषय निघालाय म्हणून लिहिते.

लोखंड, पाणी, ऑक्सिजन हे सगळ्यांना माहीत असतं. फटीत मात्र गंमत उलटी आहे, तिथे आत ऑक्सिजन कमी पोचतो आणि बाहेरच्या कडेला भरपूर असतो. या फरकामुळे एकाच ओल्या पत्र्यावर छोटा सेल तयार होतो, बाहेरची कड कॅथोड आणि आतला ऑक्सिजन नसलेला भाग अॅनोड, आणि विरघळतो तो नेहमी अॅनोड. म्हणजे हवा जिथे पोचत नाही तिथे लोखंड जास्त वेगाने जातं. त्यात मिठातले क्लोराइड आत खेचले जातात, आतलं पाणी आम्लधर्मी होत जातं, आणि क्रिया आणखी वाढते. दाभण अर्धं आत गेलं आणि वरून केसाएवढी चीर होती याचं कारण हेच.

दुसरं, गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, प्रकारानुसार दुप्पट ते सहापटीपर्यंत. म्हणून पत्रे फुगून सुटतात, स्पॉटचे ठिपकेसुद्धा त्या दाबाने उचकटतात. फुगलेला जोड हातोडीने ठोकून सपाट करू नये, आतला माल तिथेच राहतो.

आणि समुद्राजवळच्या गाड्यांचं म्हणाल तर साधं मीठ ७५ टक्क्यांच्या वर आर्द्रता गेली की हवेतलं पाणी ओढून स्वतः विरघळतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं, ते तर साधारण ३३ टक्क्यांनाच पाणी ओढतं. गोव्याच्या हवेत ३३ टक्क्यांच्या खाली आर्द्रता किती वेळा जाते? म्हणजे पत्र्यावर एकदा मीठ बसलं की पाऊस नसतानाही तिथे पातळ ओल राहतेच. गाडी धुताना फक्त छप्पर आणि बॉनेट चमकवून उपयोग नाही, खालून गोड्या पाण्याने मीठ काढणं हे खरं काम. मांद्रेकर, फेरीवरून आल्यावर त्याच दिवशी हे करत जा.

गंजावर लावायच्या लिक्विडबद्दल : फॉस्फरिक आम्लवाली आणि टॅनिनवाली अशी दोन प्रकारची मिळतात. फॉस्फरिकने लोहाचं फॉस्फेट होतं, टॅनिनने काळा टॅनेट. उघड्या पत्र्यावरच्या बारीक खळग्यांसाठी दोन्ही चांगली. पण बंद जोडात आम्ल ओतू नका, ते आत जातं आणि धुऊन बाहेर काढता येत नाही.

मांद्रेकर८०० (धागाकर्ता)

ताई, खूप धन्यवाद, हे असं कोणी आजवर सांगितलं नव्हतं. पत्रेवाले, तुमच्या उरलेल्या पोस्टची वाट बघतोय. काल हातोडी घेऊन खाली गेलो होतो, डाव्या बाजूला फक्त पुढचा वीतभर भाग बद्द वाजतो, उजवीकडे मात्र पुढून मधल्या खांबापर्यंत सगळं. जॅकची पट्टी उजवीकडे पक्कडने धरून हलवली तर हलते. सस्पेंशनची ब्रॅकेट दोन्ही बाजूंना खणखणीत आहेत.

कुडाळकर

आमच्याकडे जुने ड्रायव्हर सिलमध्ये जळकं ऑइल ओततात आणि गाड्या टिकल्यात. वेल्डिंगच्या भानगडीत न पडता तेवढं केलं तर?

शिवोलीचा_रॉय

फायबर लावा ना सरळ. होड्या फायबरच्या करणारे आमच्याकडे ढिगाने आहेत, मॅट आणि रेझिन घेऊन अर्ध्या दिवसात आतून बाहेरून मारून देतात.

गोदीतला_वास्को

मी जहाजांच्या पत्र्यावर वेल्डिंग केलंय, निवृत्त होईपर्यंत तेच काम. रॉय बाबा, फायबर गंजक्या पत्र्याला धरत नाही. गाडी वळणावर पिळली जाते, पत्रा आणि फायबर वेगवेगळे हलतात, कड सुटते आणि त्या कडेतून पाणी जाऊन मागे कायमचं साचतं. होडी आख्खी फायबरचीच असते म्हणून ती टिकते. शिवाय उद्या कोणी तिथे वेल्डिंग करायला गेलं तर ते रेझिन पेटतं.

जळकं ऑइल : गंज पूर्ण काढलेल्या पोकळीत तेलाचा थर चांगलाच, पण जळक्या ऑइलमध्ये इंजिनातली आम्लं आणि काजळी असते, सस्पेंशनचे रबरी बुश त्याने फुगतात, आणि ते ठिबकत ठिबकत अंगणात, विहिरीच्या बाजूला जातं. कोणीतरी काजूच्या टरफलाचं तेलही सुचवेल, ते लाकडी होडीला लावतात, लाकडाला उत्तम आहे, पण हाताला लागलं तर कातडी भाजते, त्यामुळे गाडीच्या पोकळीत ते कोणी फवारू नये.

आणखी एक, जहाजाला आम्ही खालून जस्ताचे ठोकळे लावतो, ते स्वतः झिजतात आणि हल, म्हणजे जहाजाचं बाहेरचं अंग, वाचतं. त्यावरून गाडीला बॅटरीवर चालणारा डबा लावून गंज थांबतो असं विकणारे आहेत. जहाजाचं हल अख्खं समुद्रात बुडालेलं असतं, करंट पाण्यातून फिरतो. गाडी रस्त्यावर कोरडी-ओली असते, करंट फिरणार कुठून? पैसे घालवू नका.

आता वेल्डिंग. मांद्रेकर, तू गॅरेजवाल्याला पहिला प्रश्न विचार की कशाने मारणार. रॉडचं साधं इलेक्ट्रिक वेल्डिंग ०.८ च्या पत्र्यावर नको, भोकं पाडतं. गॅसने जुने हात सुंदर काम करायचे पण उष्णता फार पसरते आणि लांब सिल वाकडी होते. सीओटू मशीन पाहिजे, म्हणजे ज्यात वायर आपोआप पुढे येते आणि गॅसच्या झोतात वेल्ड होतं ते, वायर ०.८ ची किंवा मिळाली तर ०.६, करंट ४० ते ६० अँपिअरच्या आसपास. नुसत्या सीओटूने काम होतं पण चरका जास्त बसतो आणि शिंतोडे उडतात, ८० टक्के आर्गन आणि २० टक्के सीओटूचं मिश्रण मिळालं तर पातळ पत्र्याला फार बरं. गॅरेज उघड्या शेडमध्ये असतं आणि आपल्याकडे दुपारनंतर समुद्रावरून वारा सुटतो, तो वारा वेल्डवरचा गॅस उडवून नेतो आणि वेल्ड आतून स्पंजसारखी पोकळ येते. वरून बघून कळत नाही. वारं असेल तर ताडपत्रीचा आडोसा घालायला लाव, पंखा बंद करायला लाव. बिनगॅसची फ्लक्सवाली वायर वापरणार असेल तर मशीनची पोलॅरिटी बदलावी लागते, टॉर्च निगेटिव्हला जाते, हे बरेच जण विसरतात.

आणि त्याला तुझ्या समोर एक ट्रायल मारायला सांग. त्याच जाडीचे दोन तुकडे, वरच्याला ६ एमएमचं भोक, त्यातून खालच्याला वेल्ड. थंड झाल्यावर तुकडे व्हाइसमध्ये धरून छिन्नीने उचकटायचे. वेल्ड अख्खी राहून पत्रा फाटला, एका पत्र्यात भोक आणि दुसऱ्यावर बटण राहिलं, तर सेटिंग बरोबर. वेल्डच टपकन सुटली तर करंट कमी आहे. खरा वेल्डर याला कधी नाही म्हणत नाही.

पत्रेवाला_फोंडा

काकांनी माझं निम्मं काम केलं. ट्रायलचं तर प्रत्येकाने लक्षात ठेवा.

आता पुढचं. नवा तुकडा बसवायच्या आधी जिथे पत्र्यावर पत्रा बसणार त्या दोन्ही अंगांना जस्ताचा वेल्ड-थ्रू प्राइमर (वेल्डिंगच्या जोडात चालतो तो) मारायचा, कारण एकदा जोड बंद झाला की तिथे परत ब्रश जात नाही. ज्या भोकातून वेल्ड करणार तेवढ्याच ठिकाणी प्राइमर घासून लख्ख करायचा. नव्या पत्र्याच्या ओठाला ५-६ एमएमची भोकं, जाड पत्र्याला ८ पर्यंत, आणि अंतर कंपनीच्या जुन्या ठिपक्यांएवढं, त्यापेक्षा विरळ नको. प्रत्येक भोकाच्या शेजारी व्हाइस ग्रिप लावून पत्रे घट्ट आवळलेले पाहिजेत, मध्ये फट राहिली तर वेल्ड वरच्याच पत्र्यावर बसते.

कडेला कड लावून जो जोड येतो तिथे सलग रेघ ओढायची नाही. एक टाच (वेल्डचा छोटा ठिपका) इथे, पुढची वीतभर लांब, मग मागे, असं फिरत फिरत टाचा मारायच्या आणि मधल्या जागा हळूहळू भरायच्या. हात टेकवता येईल इतपत थंड होऊ द्यायचं. घाई म्हणून ओलं फडकं टाकलं की पत्रा पिरगळतो. शेवटी जोड पूर्ण भरलेला हवा, नुसत्या टाचा मारून वर पुटी ओढली तर त्या टाचांमधूनच पाणी शिरतं.

पुटीबद्दल, लांबी म्हणतात काही जण, ती फक्त प्राइमर मारलेल्या चांगल्या पत्र्यावरची उंचसखल भरायला. गंजाच्या भोकात कापड कोंबून वर लांबी, हा प्रकार मी दर आठवड्याला उकरून काढतो आणि दर वेळी वाईट वाटतं, कारण गिऱ्हाइकाने त्याचे पूर्ण पैसे मोजलेले असतात.

आग! हे मोठ्याने सांगतो. बॅटरीची दोन्ही टर्मिनलं काढून बॅटरी खाली उतरवा. मागे कमानीजवळ काम असेल तर पेट्रोलची टाकी आणि तिथली लाईन काढलीच पाहिजे, ओलं फडकं झाकून भागत नाही. सीट, कार्पेट, खालचं नमदं, सगळं बाहेर. एक माणूस फक्त बघायला, हातात पाणी आणि अग्निशामक, आणि काम संपल्यावरही अर्धा तास तो तिथून हलत नाही, सिलच्या पोकळीत धुमसत राहिलेलं उशिरा पेटतं. आणि पत्रा पुसायला क्लोरीनवाला ब्रेक क्लीनर वापरू नका, त्याची वाफ वेल्डिंगच्या उजेडात आली की विषारी फॉस्जीन होतो. थिनरने पुसा, पूर्ण सुकू द्या, डबा लांब ठेवा.

साखळीची_रसायनवाली

फॉस्जीनचं अगदी बरोबर, आणि हे गॅरेजांमध्ये फार थोड्यांना माहीत असतं. तुम्ही लिहिलंत म्हणून बरं वाटलं.

मांद्रेकर८०० (धागाकर्ता)

दुसऱ्या गॅरेजवाल्याकडेच द्यायचं ठरवलं. हा धागा त्याला मोबाईलवर वाचून दाखवला, गोदीतल्या काकांची ट्रायल त्याने हसत हसत मारून दाखवली, पत्रा फाटला, बटण राहिलं. आर्गन मिश्रण तो वापरतोच. उजवी बाजू आधी. सोलायचं काम मी स्वतः करतोय, ड्रिलने ठिपके सोडवताना कळतंय की हे किती कष्टाचं आहे. सिलचा बाहेरचा पत्रा निघाला तेव्हा आतून लाल भुकटी आणि माती मिळून अर्धी बादली निघाली, आणि खालच्या ओठातली पाणी जायची भोकं सगळी डांबराने बुजलेली होती, आधी कधीतरी कोणीतरी अंडरकोटिंग करताना वरून फासून गेलंय.

आतला मजबुतीचा पत्रा वरच्या अर्ध्यात चांगला आहे, खालचे दोन-तीन इंच गेलेत. तो पूर्ण बदलायचा की खालची पट्टी जोडायची? आणि पुढे रंग, सीलंट, वॅक्स हे कोणत्या क्रमाने? गॅरेजवाला म्हणतो रेड ऑक्साइड मारून वर डांबर.

गोदीतला_वास्को

खालची पट्टी चालेल, पण त्याच जाडीची, आणि तिचा जोड बाहेरच्या पत्र्याच्या जोडासमोर येऊ देऊ नको. दोन जोड वरखाली ठेव, एका रेषेत आले की ती रेषच कमजोर होते. आतला पत्रा वेल्ड करून झाला की बाहेरचा बंद करायच्या आधी फोटो काढून इथे टाक, बघतो.

पत्रेवाला_फोंडा

बुजलेली भोकं हेच तुमच्या उजव्या सिलच्या दुखण्याचं मूळ. कार्पेटखालून झिरपलेलं पाणी शेवटी सिलमध्ये उतरतं आणि त्याच भोकांतून जायचं असतं.

नुसता रेड ऑक्साइड ओल रोखत नाही, त्यावर डांबर म्हणजे ओल आतच कोंडली. दोन भागांचा इपॉक्सी प्राइमर घ्या, हार्डनर मिसळून वापरायचा तो. लख्ख पत्र्यावर त्याच दिवशी मारायचा, रात्र जाऊ द्यायची नाही, आपल्या हवेत उघडा पत्रा सकाळपर्यंत पिवळा पडतो. त्यावर जोडाच्या रेघेवर पॉलियुरेथेन सीलंट, ब्रशने किंवा बोटाने दाबून आत बसवायचं, नुसती वरून शेवई सोडायची नाही. सिलिकॉन वापरू नका, बाथरूमवाल्या सिलिकॉनवर रंग धरत नाही. सीलंट सुकलं की रंग, रंगावर खालच्या बाजूला दगड लागू नयेत म्हणून रबरासारखं लवचीक राहणारं कोटिंग. आणि सगळ्यात शेवटी, सगळं वेल्डिंग आणि रंग संपल्यावर, पोकळीत कॅव्हिटी वॅक्स. ते आधी मारलं तर वेल्डिंगमध्ये पेट घेतं.

कुडाळकर

वॅक्स आत सगळीकडे पोचलं हे कळतं कसं? आणि जोडाला वेल्डिंगऐवजी पॅनेलचा ग्लू येतो तो कसा?

पत्रेवाला_फोंडा

ग्लू चांगला आहे, कंपन्याही वापरतात, पण बाहेरच्या कातडीला, म्हणजे दाराचा वरचा पत्रा, कमानीची कड. सिल आणि माउंटिंगला एकटा ग्लू नाही.

वॅक्सला लांब नळी लागते, टोकाला चहूबाजूंनी फवारणारी. ती दाराच्या चौकटीतल्या रबरी बुचाच्या भोकातून थेट दुसऱ्या टोकापर्यंत सरकवायची आणि फवारत फवारत हळू मागे ओढायची. खालच्या भोकांतून आणि जोडाच्या रेघेतून वॅक्स झिरपून बाहेर दिसलं की आत पोचलं. मांद्रेकर, गाडी त्या दिवशी उन्हात तापलेली असू द्या, वॅक्स पातळ होऊन फटीत शिरतं. मग एक रात्र ठिबकू द्या आणि सकाळी प्रत्येक भोक तारेने मोकळं करा, नाहीतर वॅक्सनेच बुजतात. बुचं परत लावा, तुटली असतील तर नवी घ्या, फार स्वस्त असतात. डाव्या बाजूचं भोक आत्ताच मोकळं करून ठेवा, ती बाजू पुढच्या वर्षी उघडणार असाल तरी पाणी आजच जायला लागलं पाहिजे.

मांद्रेकर८०० (धागाकर्ता)

डावीकडची भोकं आज संध्याकाळी तारेने उघडली, एकातून वाटीभर पाणी आलं, पाऊस थांबून इतके दिवस झाले तरी. आतल्या पत्र्याचं वेल्डिंग सोमवारी. बाहेरचा बंद करायच्या आधी फोटो टाकतो, काका, बघून सांगा.